मोरेश्वर भुवन हलतंय

"सकाळपासून एकच धोशा लावलाय मेलीने. हलू नका, हलू नका! अगं, हललोय कुठे मी? नुसता पुतळा होऊन उभा राहिलोय, तरी हिचं समाधान नाही."

मोरीत भांडी घासणाऱ्या शैलाच्या कानावर हे पुटपुटणं आलं. 'मेली' म्हणजे आपणच असं धरून तिने हातातला टोप जरा जोरात आपटला. नवऱ्याने पाठीमागे पुटपुटावं आणि तिने टोप आपटावा, एवढ्यावर त्यांच्या संसारातली बरीचशी भांडणं परस्पर मिटत आली होती. पण या खेपेला टोपाला उत्तर आलं ते दुसऱ्याच बाईच्या आवाजात, हिंदीत आणि साखरेत घोळवून.

"कृपया स्थिर रहिए."

शैला गाऊनला हात पुसत बाहेर आली. दारासमोरच्या गॅलरीत तिचा नवरा हितेंद्र मुणगेकर, लोअर परळच्या एका कंपनीचा ॲडमिन ऑफिसर, गंजिफ्रॉक आणि लेंगा घालून, गुडघे किंचित वाकवून, हातात गोल्फची काठी धरून उभा होता. समोर स्टुलावर लोणच्याच्या बरणीला टेकवलेला मोबाईल. मोबाईलच्या पडद्यावरही हितेंद्रच होता, पण त्याच्या अंगावर हिरव्या रेघांचा सापळा चढवलेला. खांदे हिरवे, कंबर हिरवी, गुडघे हिरवे. फक्त दोन्ही मुठींभोवती एक लाल वर्तुळ, ठणकत्या फोडासारखं लुकलुकणारं.

"कंपन पाया गया," मोबाईलमधली बाई म्हणाली. "कृपया सतह की जाँच करें."

"ऐकलंस?" हितेंद्रचा चेहरा एकदम उजळला. "सतह म्हणजे जमीन. जमीन हलत्येय म्हणते ती. म्हणजे माझं सगळं बरोबर आहे."

शैलाने जमिनीकडे बघितलं. नवऱ्याच्या हाताकडे बघायचं नाही, ही सवय आता तिच्या चांगली अंगवळणी पडली होती.

लालबागच्या चाळीत गोल्फची काठी आली कशी, ते सांगायला हवं. हितेंद्रच्या कंपनीचे साहेब वयाने त्याच्या निम्मे आणि उत्साहाने दुप्पट. दरवर्षी ते आपल्या मित्रांच्या कंपन्यांशी गोल्फचा दोस्ताना सामना खेळायचे. या वर्षी त्यांच्या डोक्यात आलं की प्रत्येक कंपनीने एक खेळाडू असा उतरवायचा, ज्याने आयुष्यात गोल्फ खेळलेला नाही. महिनाभर सराव करायचा आणि खऱ्याखुऱ्या हिरवळीवर यायचं. हौशी गट. कुणीतरी सुचवलं, आपले मुणगेकर एकेकाळचे कॅरम चॅम्पियन आहेत, हात म्हणजे काय हात! साहेबांना तेवढं पुरलं. त्यांनी आपली एक जुनी काठी हितेंद्रच्या हाती दिली आणि त्याच्या मोबाईलमध्ये ते ॲप घालून दिलं. ॲप तुमचा स्विंग बघतं, म्हणजे काठी मागे नेऊन चेंडूवर आणायची ती झेप. ते बघून कुठलं हाड कुठे चुकलं ते सांगतं.

साहेबांना एक गोष्ट माहीत नव्हती. ती मोरेश्वर भुवनातल्या चारही मजल्यांना माहीत होती आणि चारही मजल्यांनी ती मुकाट गिळलेली होती. गेल्या गणपतीत, कॅरमच्या फायनलला, राणी भोकाच्या तोंडाशी असताना हितेंद्रचा स्ट्रायकर भलतीकडेच गेला. "हल्ली पावडर भेसळीची येते," तो म्हणाला. "हो ना, खडूच घालतात," सगळे म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्याचा लहानपणापासूनचा जोडीदार राजरत्न गायकवाड कॅरम बोर्ड उचलून आपल्या माळ्यावर टाकून आला. बोर्डाला वाळवी लागली, असं त्याने जाहीर केलं.

तेव्हापासून बिल्डिंगमध्ये हितेंद्रला कुणी भरून चहा देत नव्हतं. कुणाकडेही जा, कप अर्धा. ठरवून कुणी काही केलं नव्हतं, पण एकीने केलं ते दुसरीने बघितलं. हितेंद्र घरी येऊन कुरकुरायचा, "माणसं किती चिकट झाली गं!" आणि शैला म्हणायची, "दूध महागलंय हो." तिने स्वतः तर त्याच्या शर्टांची सगळी बटणं वरवर शिवून आत टिचबटणं लावली होती. पहिल्यांदा तो शर्ट घालताना हितेंद्र थबकला होता. मग म्हणाला, "नवीन फॅशन वाटतं." "हो," ती म्हणाली. "दादरला सगळे हेच घालतात."

कारण त्या घरात हाताबद्दल बोलायचं नव्हतं. हितेंद्रचे वडील, कुशाबा, गिरणीत ताणा, म्हणजे मागावरचे तुटलेले उभे धागे, जोडायचे. शेवटी शेवटी त्यांचा हात असा थरथरायला लागला की याच खोलीत, याच खाटेवर हितेंद्र त्यांना चमच्याने पेज भरवायचा. निम्मी पेज हनुवटीवर. म्हातारा ती पुसू द्यायचा नाही, भिंतीकडे तोंड करायचा. ते सगळं हितेंद्रच्या डोळ्यांत अजून तसंच्या तसं होतं. म्हणून शैला गप्प होती. गुपचूप ती परळच्या एका डॉक्टरांना विचारून आली होती. ते म्हणाले, "बाई, न बघता मी काय सांगणार? सगळेच हात एका कारणाने थरथरत नाहीत. गोळ्याही असतात. घेऊन या त्यांना." घेऊन यायचं तर कशासाठी ते सांगायला हवं. गाडी तिथेच अडली होती. दवाखाना घरापासून एवढा जवळ की वाटेत एक पानाचा विडा संपू नये, पण शैलाला तो काशीएवढा लांब वाटायचा.

आणि आता हे ॲप. बनवणारा कोण कुठला, पण त्याच्याही घरी कुणीतरी म्हातारं असणार, असं शैलाला वाटलं. नाहीतर हाताचा दोष जमिनीवर ढकलायची रीत त्याला कुणी शिकवली?

हितेंद्रने मात्र जमीन मनावर घेतली. आधी त्याने स्टूल बदललं. मग लोणच्याची बरणी बदलून गहू भरलेला डबा ठेवला. मग गॅलरीची फरशी वाकडी म्हणून खोलीत उभा राहिला, आणि काठी मागे नेताना ट्यूबलाइट फोडली. चेंडू म्हणून शैलाने जुन्या मोज्यांचा गोळा शिवून दिला होता, तो एकदा तिसऱ्या मजल्यावरून थेट समोरच्या वड्याच्या गाडीवर पडला. गाडीवाल्याने तो परत आणून दिला, वर चटणी लागलेला.

शेवटी राजरत्नला बोलावलं. राजरत्नने उभं आयुष्य शिवडीच्या गोदामांत सुपरवायझर म्हणून काढलेलं, आणि निवृत्तीनंतर तो बिल्डिंगचा सेक्रेटरी झालेला. त्याने चष्मा वर करून लाल वर्तुळ बघितलं. मग गॅलरीच्या खांबाला कान लावला.

"हित्या, हे बाजूच्या टॉवरचं पायलिंग, खांब ठोकतायत ना जमिनीत. दुसरं काय?"

"पण भाऊजी," शैला म्हणाली, "पायलिंग दहा वाजता सुरू होतं. आता साडेसहा वाजलेत."

"वहिनी, जमिनीला आठवण राहते," राजरत्न शांतपणे म्हणाला. "मी बघितलंय ना शिवडीला. क्रेन बंद झाली तरी रात्रभर लादी घुमते."

हे बोलताना त्याने शैलाच्या डोळ्यांत बघितलं नाही. त्यावरून तिला कळलं की यालाही सगळं ठाऊक आहे. आणि त्याला कळलं की तिला ते कळलं. दोघांनी मिळून खांबाकडे बघितलं.

दुसऱ्या दिवशी जिन्याखालच्या फळ्यावर सेक्रेटरीची सूचना लागली. सकाळी साडेसहा ते सात मुणगेकरांच्या सरावाची वेळ. या वेळेत मिक्सर, धुणं आपटणं आणि जिन्यावरून धावणं बंद. कुणी हसेल असं शैलाला वाटलं होतं. कुणीही हसलं नाही.

आणि मग मोरेश्वर भुवनाने असा एक प्रकार सुरू केला की जो कुठल्याही गोल्फच्या पुस्तकात सापडायचा नाही. हितेंद्र गच्चीवर, गोविंदाच्या मंडळाकडून आणलेल्या जाळीसमोर काठी धरून उभा राहायचा. मोबाईल सगळ्यांना ऐकू जावा म्हणून ग्राउंड फ्लोअरच्या प्रफुल्लने त्याला मंडळाचा स्पीकर जोडून दिला होता. "कृपया स्थिर रहिए," असा आवाज चौकात घुमला की अख्खी बिल्डिंग जागच्या जागी थिजायची. तोंडात ब्रश धरलेली माणसं, एक पाय पँटीत घातलेली माणसं, फोडणीवर झाकण धरून उभ्या बायका. तळमजल्यावर राधाबाई, वय ऐंशीच्या पुढे, खोकला आला तर पदराचा बोळा तोंडात कोंबायची. नळाखाली बादली भरून वाहायची, पण नळ बंद करायला कुणी हलायचं नाही. नवा दूधवाला पहिल्याच दिवशी हे बघून कॅन टाकून पळाला होता. कुणीतरी गेलंय आणि सगळे दोन मिनिटं शांत उभे आहेत, असं त्याला वाटलं.

मग वरून आवाज यायचा, "कंपन पाया गया." आणि चारही मजल्यांवरून एकदम सुस्कारा.

"मी नाही हललो हां," कुणीतरी म्हणायचं.

"दुसऱ्या माळ्यावर बघा, तिथे कुणीतरी पोळी लाटत होतं."

"लाटत नव्हते, हातात धरून उभी होते!"

गंमत अशी की बाकी स्विंग खरोखर सुधारत होता. तरुणपणी गणपतीला कोकणात गावी जाऊन बाल्या नाच नाचलेली ती कंबर. ॲपची बाई तिच्यावर बेहद्द खूश. "कमर का घुमाव उत्तम," असं ती स्पीकरवरून सांगायची तेव्हा शैलाला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. खांदा उत्तम, डोकं स्थिर, पाय जमिनीत रोवलेले. काठी एकदा सुटली की हितेंद्रचा हात सरळ रेषेत यायचा, मोज्यांचा गोळा जाळीत घुसायचा. फक्त त्याच्या आधी काठी धरून नुसतं उभं राहायचं ते क्षण लाल. एवढ्या दिवसांत बिल्डिंगलाही गोल्फ येऊ लागला होता. बायका धुणं आपटताना एकमेकींना सांगायच्या, "कंबरेतून वळ गं, मनगटातून नको."

इथवर सगळं ठीक होतं. पण प्रफुल्लचं झेरॉक्सचं दुकान होतं, आणि झेरॉक्सवाल्याला कुठलाही कागद एकटा राहिलेला बघवत नाही. ॲप रोज सरावाचा आलेख काढायचं, वरखाली उड्या मारणारी लाल रेघ. प्रफुल्लने ती बघितली आणि त्याच्या डोक्यात दिवा पेटला.

मोरेश्वर भुवनाचं एक जुनं दुखणं होतं. ती बिल्डिंग पडत नव्हती. बांधणाऱ्या शेठने आत बर्मा सागाच्या तुळया घातलेल्या, त्या हटायला तयार नव्हत्या. आजूबाजूच्या बिल्डिंगींना वेळेवर तडे जायची अक्कल होती, त्यांचे टॉवर झाले, माणसांना घरात संडास मिळाले. मोरेश्वर भुवनवाले मात्र अजून सकाळी डबा घेऊन गॅलरीच्या टोकाला रांगेत. धोकादायक म्हणून एकदा सरकारी शिक्का बसला असता तर गाडी सुटली असती, पण शिक्का मारायला येणारा माणूस तुळईवर मूठ आपटायचा, तोंडभर कौतुक करायचा आणि चहा पिऊन जायचा.

"बिल्डिंग हलते याचा हा पुरावा आहे," प्रफुल्ल म्हणाला आणि त्याने लाल रेघ मोठ्या कागदावर रंगीत छापून गेटावर चिकटवली. वर मथळा, 'मोरेश्वर भुवनचा कंप'.

झालं! ज्यांना कधी काही जाणवलं नव्हतं त्यांना जाणवू लागलं. दुसऱ्या मजल्यावरच्या प्रितीचा पोह्यांचा डबा फळीवरून आपोआप सरकला. एकाचं देवघरातलं निरांजन विझलं. एकजण तर म्हणाला की त्याचं लग्न मोडलं त्या दिवशीही बिल्डिंग हलली होती. राजरत्न सगळ्यांचं ऐकून मान डोलवायचा. राधाबाईने एके दिवशी त्या आलेखाला जास्वंदीचं फूल वाहिलं. "खंयचो तरी देव असतलो," ती म्हणाली.

शैला भाजीची पिशवी घेऊन रोज त्या गेटातून जायची. नवऱ्याचा हात रंगीत छापून गेटावर टांगलाय, त्याच्यावर फूल आहे, आणि येणारा-जाणारा त्याच्याकडे आशेने बघतोय. ती मान खाली घालून जिना चढायची.

एका दुपारी तळमजल्यावर तिला राधाबाई दिसली. म्हातारी जमिनीवर बसून पितळेची भांडी जुन्या लुगड्यात बांधत होती.

"हे काय राधाबाई?"

"बिल्डिंग पडतली मां? प्रफुल्ल सांगता, आधी अँटॉप हिलाक धाडतत. थंय म्हणे तात्पुरत्या खोल्यो आसत." तिने गाठ दातांनी ओढली. "तात्पुरती म्हणजे किती गो? माझ्याकडे तात्पुरताच उरलाहा."

शैला तिच्यासमोर बसली. बोलावं म्हणून तोंड उघडलं, आणि म्हणाली, "गाठ सैल बांधलीत, सुटेल." तिने ती पुन्हा बांधून दिली. वर जाताना मधल्या जिन्यावर राजरत्न भेटला.

"भाऊजी," ती म्हणाली, "तुम्हाला माहीत्येय ना?"

"काय, वहिनी?"

"बिल्डिंगचं."

राजरत्न पायरीवर बसला. चपलेचा अंगठा चाचपत म्हणाला, "बोर्डाला वाळवी नव्हती, वहिनी."

"ते मला ठाऊक आहे."

"मग झालं तर."

"झालं कुठे, भाऊजी? खाली राधाबाई बोचकं बांधत्येय."

"सोडू ना आपण बोचकं. ते काय, कधीही सुटतं." तो कठड्याला धरून उठला. "हित्याच्या तोंडावर कोण बोलणार, सांगा. तुम्ही बोलणार? मी तर नाय. आम्ही दोघांनी एका स्ट्रायकरने बारा मंडळं लोळवलीत."

त्या संध्याकाळी तिने हितेंद्रला चहा दिला तो नेहमीसारखा अर्धा. तो कपाकडे बघत म्हणाला, "रविवारी मॅच. आणि त्याच्या आधी ती इंजिनिअर पोरगी येत्येय, बिल्डिंग तपासायला. ती एकदा बोलली की बिल्डिंग हलते, की मी साहेबांना सांगणार, सराव कसल्या जागेवर केलाय बघा. खऱ्या हिरवळीवर काय लाल येणार नाही बघ."

"आणि आलं तर?"

"तिथेही मेट्रोचं काम चाललं असेल," हितेंद्र म्हणाला. म्हणताना तो हसला, पण कप त्याने दोन्ही हातांनी धरला होता.

इंजिनिअर प्राची शनिवारी सकाळी आली. सगळ्यांनी वर्गणी काढून तिला बोलावलं होतं. पाठीवर सॅक, डोक्यावर पिवळं हेल्मेट, आणि एक डबीएवढं यंत्र, जे जमीन केसभर हलली तरी सांगतं. तिने ते जिन्यावर ठेवलं, तुळईखाली ठेवलं, गच्चीच्या चारही कोपऱ्यांत ठेवलं. अख्खी बिल्डिंग तिच्या मागे मागे, पाय न वाजवता. शेजारी टॉवरचं पायलिंग आज लवकर सुरू झालं होतं, धाड, धाड, धाड. यंत्रावरची रेघ झोपलेल्या बाळासारखी.

"काका, अभिनंदन," ती राजरत्नला म्हणाली. "शेजारी एवढं काम चालू असूनही काही नाही. तुमची बिल्डिंग अजून पन्नास वर्षं कुठे जात नाही."

गच्चीवर सुतकी कळा पसरली. कुणीतरी 'अरेरे' म्हणालं.

"तुमच्या यंत्रात नसेल," प्रफुल्ल पुढे झाला. "आमच्या ॲपमध्ये आहे. हितेंद्रकाका, धरा काठी. दाखवा."

हितेंद्रने काठी धरली. गुडघे वाकवले, कंबर वळवली, खांदे सैल. चांगला ऐटीत उभा राहिला तो, शैलाला क्षणभर त्याचा अभिमानही वाटला. "कृपया स्थिर रहिए," स्पीकर म्हणाला आणि इंजिनिअरसकट सगळे थिजले.

"कंपन पाया गया. कृपया सतह की जाँच करें."

प्राचीने मोबाईलकडे बघितलं. मग हितेंद्रच्या मुठीकडे. ती शिकलेली पोरगी, तिला कळायला क्षण लागला नाही. पण तिलाही कुणीतरी वाढवलं होतं. तिने हेल्मेट काढलं, परत घातलं, आणि म्हणाली, "अं... कधी कधी असं लोकल व्हायब्रेशन असू शकतं. म्हणजे अगदी एवढ्याच जागेपुरतं."

"बघा!" प्रफुल्ल ओरडला.

"पण मग," ती चाचरत म्हणाली, "दुसऱ्या कुणी त्याच जागी उभं राहून बघायला हवं."

आता मात्र कुणी कुणाकडे बघेना. हितेंद्रने काठी हळूच पुढे केली. ती राजरत्नने घेतली. त्याच जागी तो उभा राहिला, मोबाईलकडे तोंड केलं, आणि अंगात आल्यासारखा दोन्ही हातांनी थरथरू लागला. काठी हलली, मनगटं हलली, शेवटी चष्माही हलला.

"कंपन पाया गया," बाई म्हणाली.

"बघितलंस, हित्या?" राजरत्न घाम पुसत म्हणाला. "माझापण हलतो. जागाच वाईट."

मग प्रफुल्लने काठी घेतली. तोही थरथरला, आणि त्याच्यात टॉवरची आशा असल्याने जास्तच थरथरला. प्रिती थरथरली. तिचा नवरा थरथरला, आणि भलत्याच उत्साहात काठी त्याने स्वतःच्या पायावर पाडली. वरचे थरथरले, खालचे थरथरले. ज्यांना टॉवर हवा होता ते थरथरले, ज्यांना नको होता तेही थरथरले. लाल वर्तुळ लुकलुकत होतं, बाई न कंटाळता सगळ्यांना जमीन तपासायला सांगत होती. हितेंद्र एकेकाकडे बघत कडेला उभा होता. उजवा हात त्याने डाव्या काखेत दाबून धरला होता.

राधाबाईची पाळी आली. तिचा हात तर वयानेच थरथरेल असं धरून सगळे निर्धास्त होते. म्हातारीने काठी मुसळासारखी धरली आणि खांब होऊन उभी राहिली.

"पकड़ बहुत बढ़िया," बाई म्हणाली. वर्तुळ हिरवं झालं.

"राधाबाई!" चारी बाजूंनी लोक खेकसले.

"काय झाला?" म्हातारी भांबावली. "स्थिर ऱ्हवा म्हणता मां ती? मी ऱ्हवलंय. माझा काय चुकला?"

"तिला वजन नाही," प्रफुल्ल घाईघाईने इंजिनिअरला सांगू लागला. "वजन नसेल तर बिल्डिंग हलवत नाही माणसाला."

"वहिनी," राजरत्न म्हणाला, "आता तुम्ही धरा." आणि काठी देताना त्याने शैलाकडे असं बघितलं की त्यात काय सांगायचं ते सगळं होतं.

काठीचं रबर सगळ्यांच्या घामाने ओलं, कोमट झालेलं. शैला पडद्यासमोर उभी राहिली. हिरवा सापळा तिच्या साडीवर चढला. थरथरणं काही कठीण नव्हतं, तिच्या छातीत आधीच इतकं धडधडत होतं की हात नुसते सैल सोडले असते तरी काम झालं असतं. मग सगळे खाली गेले असते. प्राचीने काहीतरी गोलमाल लिहिलं असतं. उद्या हितेंद्र त्या हिरवळीवर गेला असता, साहेबांच्या मित्रांपुढे, आणि तिथे थरथरायला राजरत्न नसता, प्रिती नसती, कुणीच नसतं. परवा ती पुन्हा अर्धा चहा ओतत बसली असती. तिने पडद्यात स्वतःला बघितलं, आणि पडद्याच्या कडेला उभा असलेला, काखेत हात दाबलेला आपला माणूस बघितला. त्याच्या चेहऱ्यावर कुशाबांसारखं काहीतरी होतं, भिंतीकडे वळायच्या बेतात.

तिने श्वास आत घेतला आणि काठी घट्ट धरली.

"कृपया स्थिर रहिए."

शेजारी पायलिंग धाड, धाड चाललं होतं. गच्चीच्या कठड्यावरचे कावळेसुद्धा उडाले. वर्तुळ हिरवं राहिलं.

"पकड़ बहुत बढ़िया," बाई म्हणाली.

राजरत्नने खाली बघितलं. मग हितेंद्रच हसत म्हणाला, "हिच्या वेळी नेमकं पायलिंग थांबलं असेल."

धाड. धाड.

शैलाने काठी राजरत्नच्या हातात दिली. गच्ची ओलांडून ती नवऱ्यासमोर गेली, त्याच्या काखेत दाबलेला उजवा हात तिने मनगटाला धरून बाहेर काढला आणि आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"बिल्डिंग नाही हो हलत," ती म्हणाली. "तुमचा हात हलतो."